बारा बाय दहाची खोली

१

नरहरचं घर हलत नव्हतं, आणि ह्या एका गोष्टीची त्याला भारी घमेंड होती.

असायचीच. बदनापूरच्या त्या वसाहतीत चाळीसेक घरं, सगळी काळ्या मातीवर. ही माती कापसाला कितीही चांगली असू द्या, घराची ती वैरीण. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि घर उचलते. उन्हाळ्यात आकसते आणि घर खाली सोडते. दहा वर्षं असं उचलून-सोडून झालं की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. मग दार चौकटीला घासायला लागतं. मग फरशीवर ठेवलेली गोटी आपली आपण कोपऱ्याकडे चालायला लागते. गोष्ट इथवर आली की लोक नरहरकडे यायचे. चौतीस वर्षं ओव्हरसियर म्हणून काढलेला माणूस. निवृत्त झाला तरी सगळे 'साहेब'च म्हणायचे. साहेब जाऊन बघायचे, भेगेवर काचेची बारीक पट्टी आडवी चिकटवायचे, तिच्यावर तारीख टाकायचे आणि सांगायचे, "काच तडकली की समजा, पाया चालतोय." कुणाच्या मोरीचा पाइप गळत असायचा, कुणाच्या भिंतीलगत कडुलिंब मुळं पसरून बसलेला असायचा, कुणी पाया खालच्या घट्ट मुरमापर्यंत नेलेलाच नसायचा. नरहर ज्याला त्याला त्याची चूक चारचौघांत, मोठ्या आवाजात समजावून सांगायचा. त्यात त्याला काय गोडी वाटायची ते त्यालाच ठाऊक.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चहा झाला की तो स्वतःच्या घराची फेरी काढायचा. दारं लावून बघायची, कोपरे बघायचे, भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली नख घालून फट पडली का बघायची. बारा वर्षांत एक रेघ नाही. फेरी संपली की मिशीतल्या मिशीत हसायचं आणि पेपर उघडायचा.

एप्रिलच्या रविवारी तो असाच मागच्या खोलीत शिरला, तर दुर्गाताई कपाटापुढे उभी होती.

दुर्गाताई त्याची थोरली बहीण. मंठ्याच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, लग्न केलं नाही, आईबापामागं नरहरला शिकवून माणसात आणलं ते तिनंच. घर बांधताना नरहरनं तिला शब्द दिला होता, "ताई, मागची खोली तुझी. बारा बाय दहा. तू आहेस तोवर तिच्यातली वीतभर जागा कुणी घेणार नाही." गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती वॉकर धरून चालायची आणि बहुतेक वेळ त्या खोलीतच असायची.

"नरहर, हे कपाट बघ रे. दार पुरतं उघडेना. खाटेला अडतंय."

"खाट सरकली असेल."

"मी कशाला सरकवू? मला उचलते का ती?"

नरहरनं खाट मागं ढकलून बघितली. खाट हलली नाही. खाटेच्या डोक्याशी एक स्टूल असायचं, त्यावर पाण्याचा तांब्या. आता स्टूल दाराजवळ होतं आणि खाट भिंतीला टेकलेली होती. आणखी मागं जायला जागाच नव्हती.

२

माणूस शिकलेला असला की त्याला आधी कारण सुचतं, भीती नंतर. नरहरला कारणं भराभर सुचली. ताईनं स्टूल हलवलं असेल. कामवालीनं फरशी पुसताना कपाट पुढं ओढलं असेल. वय झालं की खोल्या लहान वाटतात म्हणे. तरीही दुपारी ताईचा डोळा लागल्यावर तो टेप घेऊन आत गेला.

अकरा फूट.

त्यानं टेप गुंडाळला, पुन्हा लावला. अकरा. मग तो गुडघ्यावर बसला आणि फरश्या मोजायला लागला. एक बाय एकच्या पांढऱ्या फरश्या, त्यानं स्वतः उभं राहून बसवून घेतलेल्या. लांबीत बारा, रुंदीत दहा. आता लांबीत अकरा होत्या. बरं, शेवटची रांग कापलेली म्हणावी तर तसंही नाही. अकरावी फरशी अख्खी होती. सांध्यातलं पांढरं सिमेंट जुनं, जागोजाग पिवळं पडलेलं. भिंतीच्या पायथ्याची पट्टी तिला नीट टेकलेली. कुठं तडा नाही, फट नाही, पोपडा नाही. छताचा पंखा खोलीच्या बरोब्बर मधोमध फिरत होता, आणि नरहरला पंख्यानंच जास्त घाम फुटला. भिंत फूटभर आत आली असती तर पंखा एका अंगाला जायला नको होता का?

पाया हलला की घर सांगतं. ओरडून सांगतं. भेग पडते, दार अडतं, फरशी फुगते, काच तडकते. चौतीस वर्षं त्यानं हेच ऐकलं आणि लोकांना हेच ऐकवलं. इथं घर एक अक्षर बोलत नव्हतं.

मधल्या भिंतीपलीकडे हॉल. तो लांबट, रेल्वेच्या डब्यासारखा, अठरा बाय दहा. अरुंधती, म्हणजे नरहरची बायको, त्या हॉलवरून बारा वर्षं कुरकुरत आली होती. नरहरनं हॉलच्या फरश्या मोजल्या. एकोणीस.

"अहो, काय शोधताय फरशीवर?" अरुंधती स्वयंपाकघरातून आली.

"काही नाही. गोटी पडली."

"एक सांगू? सोफा थोडा मागं घेतल्यापासून हॉल किती मोकळा वाटायला लागलाय! साखरपुडा इथंच करू या. कार्यालय कशाला पाहिजे?"

सोफा कुणी मागं घेतला, हे नरहरनं विचारलं नाही.

३

त्यांचा मुलगा अद्वैत जालन्यात नोकरीला. त्याचं काकासाहेबांच्या गंधालीशी ठरलं होतं. काकासाहेब इमारतींचे ठेकेदार, पहिल्या भेटीतच त्यांनी नरहरच्या घराच्या भिंतींवरून हात फिरवला होता आणि म्हणाले होते, "काळ्या रानात असं घर उभं करणारा माणूस कच्चा असणार नाही. सोयरीक इथंच." साखरपुडा मे महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी ठरला. अद्वैतचं लग्न जमता जमता तिशी उलटली होती, तेव्हा घरात दुसरा विषयच नव्हता.

मेच्या पहिल्या रविवारी मागची खोली दहा फुटांवर आली आणि नरहरनं पुंजारामला बोलावलं.

पुंजाराम जुना मिस्त्री. घराचा पहिला दगडही त्यानं ठेवला होता आणि शेवटचा गिलावाही त्यानंच केला होता. सत्तरीला टेकला होता, पण नजर तीच. नरहरनं त्याला खोलीत नेलं आणि फक्त एवढंच म्हणाला, "बघ जरा. पाया खचतोय का?"

ताई हॉलमध्ये दूरदर्शनपुढे बसली होती. पुंजारामनं पिशवीतून ओळंबा काढला, दोरीला लटकवून चारी भिंतींना लावला. मग पाण्याची नळी धरून फरशीची पातळी बघितली. मग करणीच्या दांड्यानं भिंत ठोकत ठोकत गेला. ठक, ठक, ठक. सगळीकडे भरीव आवाज. मधल्या भिंतीवर कॅलेंडरचा खिळा होता. त्याच्यावर त्यानं बोट ठेवलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

"साहेब, ह्यो खिळा मीच ठोकल्ता. वास्तूच्या दिशी. वाकडा गेल्ता, ताई हासल्या व्हत्या."

"बरं मग?"

"मंग काय. भिंत तीच हाय. गिलावा माझ्या हातचा हाय. वळंब्यात बराबर हाय, पातळीत बिलकुल फरक न्हाई. अन् जागा दोन फूट कमी हाय."

"पाया, पुंजाराम. मी पायाचं विचारतोय."

म्हाताऱ्यानं ओळंब्याची दोरी बोटांवर गुंडाळली. तो नरहरकडे बघत नव्हता.

"पायाचं इचारता तर सांगतो. हिकडल्या अंगाला मुरूम लागंना. चार फुटावर काळीच माती व्हती. मी म्हन्लो, साहेब, अजून चार फूट जाऊ द्या. तुमी काय म्हन्ले, याद हाय?"

नरहरला आठवत होतं. चांगलं आठवत होतं. पावसाचे ढग आले होते, मजूर जाफराबादला लग्नाला निघाले होते, हॉल आणि बेडरूमचा पाया आठ फूट खाली मुरमावर बसला होता. मागच्या खड्ड्याच्या काठावर उभा राहून तो म्हणाला होता, "भर इथंच. मागची खोली आहे. एकटं माणूस राहणार. तिला काय करायचाय आठ फूट पाया?"

"मग खचायला पाहिजे ना खोली!" नरहर ओरडलाच. "भेगा कुठायत? तू सांग मला, भेगा कुठायत?"

"तेच तर म्हन्तो. भेगा पडल्या असत्या तं बरं झालं असतं. सिमेंट भरलं असतं, खाली काँक्रीट घातलं असतं, भागलं असतं. हे पायाचं काम न्हाई, साहेब." पुंजाराम दारात गेला. "ताईला ह्या खोलीतून काढा. आज काढा. मंग खोलीचं काय व्हायचं ते होऊ द्या."

अरुंधतीनं चहा आणला होता. त्यानं हात जोडले आणि चहा न घेता गेला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

४

नरहर वाईट माणूस होता असं नाही. हे म्हणायला हवं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की होता. त्याच दुपारी तो अरुंधतीला म्हणाला, "ताईला आपल्या बेडरूममध्ये झोपवू या काही दिवस."

"का?"

"मागं जरा... पायाचं काम निघेल असं वाटतंय."

अरुंधती पोळपाट पुसता पुसता थांबली. "पायाचं? आपल्या घरात?" तिनं खिडकी लावून घेतली आणि आवाज खाली आणला. "अहो, दहा दिवसांवर साखरपुडा आलाय. काकासाहेबांच्या कानावर गेलं तर? त्यांनी घर बघून मुलगी दिलीय. अन् अख्ख्या बदनापूरला तुम्ही चुका सांगत फिरलात, आता लोक काय म्हणतील? साहेबांचाच पाया चालला?"

"तसं नाही गं, पण..."

"बेडरूममध्ये शालू, दागिने, आहेराचे बॉक्स पसरलेत. तिथं खाट कुठं लावू? कार्यक्रम होऊ द्या. मग काय खणायचं ते खणा."

 नरहरला राग आला होता, पण नीट बघितलं तर तो बायकोचा नव्हता. तिनं तेच बोलून दाखवलं होतं जे त्याच्या मनात आधीपासून बसलेलं होतं, आणि आपल्या मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं फार कडू लागतं.

साखरपुड्याच्या आधीच्या शनिवारी सकाळी ताईनंच त्याला हाक मारली. ती खाटेवर पाय वर घेऊन बसली होती. कपाटाचं दार आता चार बोटंच उघडत होतं. त्या फटीतून हात घालून तिनं लुगडं ओढून काढलं होतं, ते मांडीवर चुरगळून पडलं होतं. वॉकर फिरवायला जागा नव्हती म्हणून तो तिनं घडी करून भिंतीला लावला होता.

"नरहर, मी वेडी झाले का रे?"

"असं काय बोलतेस, ताई?"

"खोली लहान व्हायला लागलीय. हसू नकोस. दुपारी डोळा लागतो ना, तेव्हा फरशी घासल्यासारखी वाजते. हळू. म्हणजे कुणीतरी जड सामान ओढतंय आणि आपल्याला जाग येऊ नये म्हणून जपतंय. उठून बघते तर काही नाही." तिनं हात पुढं केला. "तुझा टेप आण. माझ्यापुढं मोज. तू मोजून सांगितलंस की माझा जीव शांत होईल. कमी भरली तर मी आत्ता हॉलमध्ये येऊन झोपते, मला कसली लाज? अन् बरोबर भरली तर समजेन की म्हातारीचं डोकं चाललं."

नरहरनं टेप आणला. कडी भिंतीला अडकवली, पट्टी ओढत दारापर्यंत आला आणि वाकून बघितलं.

नऊ.

आता एक सवय सांगायला पाहिजे, नरहरची, नोकरीतली. उन्हातान्हात नाला-बंधाऱ्यावर जायचा कंटाळा आला की तो टेबलावर नकाशा पसरायचा, नकाशातला आकडा बघायचा आणि मोजमापाच्या वहीत तोच उतरवून खाली सही ठोकायचा. नकाशात बारा तर जागेवर बारा. शेकडो वेळा केलं होतं, कधी हात थरथरला नव्हता.

"बारा," तो म्हणाला.

ताई त्याच्याकडे बघत राहिली. टेपकडे नाही, त्याच्याकडे. तिचे डोळे मोतीबिंदूचे, तिला आकडा दिसणं शक्य नव्हतं.

"बारा?"

"बरोब्बर बारा. तूच बघ पाहिजे तर."

"मी काय बघू. तू बघितलंस ना." तिनं मांडीवरच्या लुगड्याची घडी घालायला घेतली. "म्हणजे माझ्याच डोक्यात काहीतरी झालं म्हणायचं. कुणाला सांगू नकोस हं. अद्वैतचं कार्य होऊ दे नीट."

नरहर बाहेर आला आणि त्यानं दार ओढून घेतलं. त्याला स्वतःची किळस आली, खरंच आली. जेवण गेलं नाही. पण त्यानंतर तो त्या खोलीत गेलाही नाही. ताट अरुंधती दारातून द्यायची आणि दारातूनच परत घ्यायची. "अहो, ताई हल्ली दाराजवळच बसलेल्या असतात," एवढंच ती एकदा म्हणाली. नरहरनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

५

गुरुवारी दुपारी हॉलमध्ये साठ माणसं बसली आणि तरी मधून लहान पोरं पळत होती.

"वा, वा!" काकासाहेब पाय पसरून टेकले. "बाहेरून अंदाजच येत नाही हो. नरहरराव, बाहेरून घर एवढंसं दिसतं आणि आत बघावं तर मंगल कार्यालय! याला म्हणतात नियोजन."

"सगळं यांचंच," अरुंधती कौतुकानं म्हणाली. तिच्या नाकातली नथ डुलत होती. ती खुशीत होती, आणि गुलाबी साडीतली गंधाली पाटावर मान खाली घालून बसली होती, आणि अद्वैत तिच्याकडे चोरून बघत होता. दृश्य मोठं छान होतं.

नरहर खुर्चीत बसून कुणाकुणाला नमस्कार करत होता. बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, पण डोळ्यांना कोण सांगणार? सतरंजीच्या कडेनं फरश्या उघड्या होत्या आणि डोळे आपले आपण मोजत सुटले. वीस. चोवीस. सत्तावीस. पाहुण्यांच्या चपलांपाशी, दारापर्यंत, एकोणतीस.

अठरा आणि बारा तीस होतात. तिसातून एकोणतीस गेले की काय उरतं, हे पहिलीतलं पोर सांगेल.

"आत्या कुठंय?" अद्वैत म्हणाला. "आधी आत्याच्या पाया पडायचंय मला. गंधाली, चल."

"थांब," नरहर उठला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "थांबा दोघंही. मी आणतो तिला."

हॉल पार करायला त्याला फार वेळ लागला. माणसं पाय आखडून वाट देत होती, हसत होती, कुणी अभिनंदन करत होतं. दारापाशी गेल्यावर त्याला आतून आवाज आला. फरशी घासल्याचा, हळू, जपून. तो दाराला हात लावून उभा राहिला तोवर आवाज थांबला.

दार हॉलच्या बाजूला उघडायचं. ते अजिबात घासलं नाही, तेल घातल्यासारखं उघडलं.

दाराच्या आत एक फरशी होती. तिच्यापुढे भिंत होती, पांढरी, गुळगुळीत, एक रेघ नसलेली. खाट नव्हती, कपाट नव्हतं, वॉकर नव्हता. डाव्या अंगाला, जिथं उजेड पोचत नव्हता तिथं, दोन भिंतींच्या मधे लुगड्याचा काठ दिसत होता. तो बारीक वरखाली होत होता, झोपलेल्या माणसाचं पांघरूण होतं तसा. काठाच्या वर काय होतं ते नरहरनं बघितलं, आणि लगेच नजर काढून घेतली. माणूस तेवढ्या जागेत मावत नाही. तसा तर मुळीच मावत नाही.

"नरहर का?" आतून आवाज आला. ताईचाच, फक्त फार जवळून, भिंतीला तोंड लावून बोलावं तसा. "मी सरकून घेतलंय रे. पाहुण्यांना जागा पुरली ना?"

नरहरच्या पाठीमागं साठ माणसं होती. त्यानं एक हाक मारली असती तर दहा जण पहारी घेऊन धावले असते. काकासाहेबांनी स्वतः भिंत फोडली असती, भिंती फोडण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. आणि मग सगळ्यांना दिसलं असतं. चार फुटांवर थांबवलेला पाया, बारा म्हणून सांगितलेली नऊ फुटांची खोली, आणि हा माणूस.

"पुरली, ताई," तो हळूच म्हणाला.

"मग बरं झालं."

लुगड्याचा काठ जरासा आत ओढला गेला. नरहरनं दार लोटलं, कडी घातली आणि पाठ टेकवून उभा राहिला. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"झोपलीय ती," तो म्हणाला. "तिला उठवायला नको. घ्या, सुरू करा तुम्ही."

अद्वैत क्षणभर घुटमळला. मग गुरुजींनी हाक मारली आणि तो पाटावर जाऊन बसला. गंधालीच्या आईनं लेकीच्या पदराचं टोक सावरलं. दाराशी आणखी पाच-सहा माणसं आली होती, तर काकासाहेबांनी हात करून त्यांना आत बोलावलं. या, या, म्हणाले, भरपूर जागा आहे.